चपला आणि हिंदी बाहेर

१९ नोव्हेंबर २०२३

आज कांचनचा आणि माझा करार झाला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर नवरा-बायकोनं आपसांत करार करावा, हे कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून इथे लिहितो.

तिचं दुखणं ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. विसरण्याचं. वय अवघं बावन्न. या वयात सहसा होत नाही पण होतं, असं ते म्हणाले. मी बरेच प्रश्न विचारले, तिने एकच विचारला. "आख़िर में क्या जाता है, डॉक्टर साहब?" ते म्हणाले, घरची माणसं ओळखणं. तेव्हापासून ती विचार करत असणार. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही कारखान्यात करार लिहिता ना, तसा एक मला लिहून द्या."

करार मला कुणी शिकवले नाहीत. बारावीपुढे शिकलो नाही. इथे झाशीत, बिजौलीच्या कारखान्यात स्टोअरला लागलो आणि जुन्या फायलींवरची धूळ झटकता झटकता त्या वाचत गेलो. आज आमचे मालक पियुषजी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करत नाहीत. पूर्वअट हा माझा खास विषय. लोकांना वाटतं सही झाली की करार सुरू झाला. तसं नाही. सही होऊनही करार निजलेला असू शकतो. अमुक एक गोष्ट घडली की जागा होतो, आणि मग हक्क, कर्तव्यं सगळी एकदम उठून उभी राहतात. ते 'अमुक' नेमक्या शब्दांत बांधणं, हेच खरं काम.

कांचनचं 'अमुक' मात्र कुठल्याच फायलीत नव्हतं.

आमच्या घराचा एक नियम आहे, तिनेच केलेला. चपला आणि हिंदी बाहेर. ती मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. बाहेर तिची हिंदी ऐकत राहावी अशी. पण उंबरठा ओलांडला की मराठी. मयुरा, आमची मुलगी, लहानपणी "मम्मी, पानी दो" म्हणाली तर पाणी मिळायचं नाही. "आई, पाणी दे" म्हणेपर्यंत तहानलेली.

"बाहेरच्याशी हिंदी, घरच्याशी मराठी," कांचन म्हणाली, "ही सवय माझ्या हाडात आहे. सगळं जाईल तेव्हा ती शेवटी जाईल. म्हणजे ज्या दिवशी मी घरात बसून तुमच्याशी हिंदीत बोलायला लागेन, त्या दिवशी समजा, तुम्ही मला बाहेरचे वाटताय."

"मग?"

"मग बाहेरच्या पुरुषानं मला न्हाऊ घालायचं नाही. माझं लुगडं बदलायचं नाही. केसांना हात लावायचा नाही. महिन्याच्या आत मला मयुराकडे पोचवा."

मयुरा पुण्याला नोकरी करते. तिच्या घराजवळ अशा बायकांना दिवसभर सांभाळणारी जागा आहे, सांभाळणाऱ्याही बायकाच. रात्री ही मयुराजवळ. हे सगळं मायलेकींनी आधीच ठरवलं होतं. मला फक्त लिहायचं होतं.

मग मी मन लावून लिहिलं. कलम चार: "उंबरठ्याच्या आत, स्वतःहून, मला उद्देशून, नुसता एखादा शब्द नव्हे तर पुरं बोलणं." त्यापुढे मी घातलं होतं की असं तीन निरनिराळ्या प्रसंगी व्हावं आणि दोन साक्षीदारांनी तसं लिहून द्यावं. कांचनने लाल पेन घेतलं, मुलींच्या वह्या तपासायची तसं.

"अहो, हे माझं डोकं आहे की तुमचं लोखंड? इन्स्पेक्शन कसलं?"

तीन प्रसंग गेले, लिहून देणं गेलं. 'स्वतःहून' तेवढं मी सोडलं नाही. म्हटलं, चार बाहेरची माणसं बसलेली असतात, हिंदी चाललेली असते, त्या ओघात तू मला काही बोललीस तर ते धरू नये. तिने विचार केला. "बरं. पण मग वाद घालायचा नाही हं."

"मी कधी वाद घालतो?"

यावर रमाकांतदादा इतके हसले की बशीतला चहा धोतरावर. रमाकांतदादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते एक साक्षीदार. दुसरी शारदा, आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येते ती. कागदात काय आहे ते तिला कांचनने समजावलं. शारदा म्हणाली, "हओ जिज्जी. दद्दा पराए हो जाएँ, तो हम नहलाएँ." तिचा दद्दा म्हणजे मी. सगळे हसले. मला त्यात इतकं हसण्यासारखं वाटलं नाही.

कोर्टात हा कागद उभा राहणार नाही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "कोर्टासाठी करतंय कोण? तुम्ही स्वतः लिहिलेलं तुम्ही मोडत नाही, एवढ्यासाठी."

८ फेब्रुवारी २०२४

दूध वर येत होतं आणि तिला 'सांडशी' हा शब्द सापडेना. म्हणाली, "वो... पकड़ने वाली दो ना." मी दिली.

नोंद करून ठेवतो, पण याला बोलणं म्हणत नाहीत. झाशीत एवढी हिंदी मराठीत मिसळतेच. माझी आई तर "भाजीत नमक कमी आहे" म्हणायची. शिवाय 'दो ना' असं घरच्याला म्हणतात. बाहेरच्याला ती 'दीजिए' म्हणाली असती.

२ ऑक्टोबर २०२४

गांधी जयंतीची सुट्टी. उद्या घट बसायचे, म्हणून तिला घेऊन मानिक चौकात गेलो. किती दिवसांनी तिला असं खुललेलं पाहिलं. बांगडीवाल्याची मुलगी एकेकाळी तिच्या वर्गात होती. तो "मैडम जी, मैडम जी" करत स्टूल पुसायला लागला. ही म्हणाली, "भैया, रंग उतर गया तो लौटाने नहीं आऊँगी. आकर आप ही को पहनाऊँगी." शेजारच्या दोन दुकानांतले लोकसुद्धा हसले. मला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय.

घरी आलो. मी कुलूप काढलं, पिशव्या आत ठेवल्या. वळलो तर ती दारात उभी. म्हणाली, "आप बैठिए. इतनी धूप में सामान उठाकर लाए. मैं पानी भिजवाती हूँ."

मी तिच्या पायांकडे बघितलं. चपला पायातच होत्या. एक पाऊल उंबरठ्यावर, दुसरं बाहेर. कलमात 'उंबरठ्याच्या आत' असं आहे. उंबरठ्यावर म्हणजे आत नव्हे. शिवाय बाजारातली हिंदी अजून तिच्या तोंडात होती. सगळ्या बाजूंनी विचार करून मी या निर्णयाला आलो की अट पुरी झालेली नाही.

थोड्या वेळाने ती आतून ओरडली, "अहो, तो सामान आणणारा गेला का? पाणी दिलंत त्याला?"

मी म्हटलं, दिलं. गडू भरून ठेवला होता तो मीच प्यायलो.

१२ जानेवारी २०२५

थंडी फार. न्हाणीत गेली की ती पाण्यापुढे नुसती बसून राहते, पाणी निवून जातं. म्हणून महिन्याभरापासून मीच न्हाऊ घालतो. शारदा इतर घरं करून दुपारी येते, तोवर थांबायचं कसं? पहिल्या दिवशी कांचन म्हणाली, "लग्न झाल्यापासून एवढी सेवा केली नाहीत." लाजली थोडी. मी वेणी घालायलाही शिकलो. तीन पेड सारखे पडले पाहिजेत, नाहीतर वेणी एका बाजूला वळते. हे कुणी सांगत नाही, स्वतः शोधावं लागतं. शारदा म्हणाली, बाजारात घालून घेतल्यासारखी दिसते.

अलीकडे ती मला मधूनच 'बाबूजी' म्हणते. कारखान्यात मला बडे बाबू म्हणतात, फोनवर तिने ऐकलं असणार. म्हणजे हे काही परक्याचं नाव नव्हे. माझंच आहे.

६ मार्च २०२५

आज कारखान्यात एक काम मनासारखं झालं. आमचा माल तयार पडून आहे. करारात अट अशी की घेणाऱ्याच्या माणसाने तपासून पास केला म्हणजे त्यांच्यावर उचलण्याची जबाबदारी. आता त्यांना माल नको झालाय. म्हणून ते तपासणारा माणूसच पाठवत नाहीत. आज तो आजारी, उद्या गाडी नाही, परवा साहेबांची परवानगी नाही. आणि वर पत्र पाठवतात की अट पुरी झालेली नसल्याने आमच्यावर काही बंधन नाही!

पियुषजी कपाळाला हात लावून बसले होते. मी म्हटलं, लिहितो. असं लिहिलं की जो पक्ष स्वतःच अट पुरी होऊ देत नाही, त्याला अट पुरी झाली नाही असं म्हणण्याचा अधिकार उरत नाही. कायद्याच्या नजरेत ती पुरी झाली असंच धरलं जाईल. एका वाक्यात बसवलं. पियुषजींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बड़े बाबू, अब भागकर कहाँ जाते हैं, देखते हैं."

त्याच खुशीत घरी आलो. कांचन पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि पाहुण्याला बघून हसावं तशी हसली. ओठ हलले. मला कळलं की ती आता 'आइए' म्हणणार. त्याच्या आधीच मी म्हणालो, "नमस्ते मैडम जी! कैसी हैं आप?"

काय फुलली! शाळेतल्या गोष्टी सांगत सुटली. एका मुलीने गाईवरच्या निबंधात शेवटी गाईचा पत्ता लिहिला होता, ती गोष्ट. मी ती पूर्वी कितीदा ऐकलेली, मराठीत. हिंदीत जास्त हसू येतं. कित्येक महिन्यांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

नोंद: सुरुवात मी केली, तिने उत्तर दिलं. म्हणजे 'स्वतःहून' नाही. यापुढे असंच करावं. घराचा नियम मोडतो हे खरं, पण तो नियम करारात लिहिलेला नाही.

२० एप्रिल २०२५

रविवार. मयुराचा व्हिडिओ फोन. इथे होती तोवर मराठीत दोन वाक्यं सरळ बोलायची नाही, आता पुण्यात राहून माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. मी कांचनला फोन दाखवत म्हणत होतो, "मैडम जी, देखिए कौन आया है."

"बाबा, तुम्ही आईशी हिंदीत का बोलताय?"

"तिला सोपं पडतं."

"मला नाही कधी सोपं पडू दिलंत. ग्लासभर पाण्यासाठी व्याकरण करायला लावायचात." हसत होती. मग हसायची थांबली. "सुरुवात कोण करतं? आई की तुम्ही?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

"बाबा, कलम चार..."

"कलम चार मी लिहिलंय. मला पाठ आहे."

"मी येऊ का?"

म्हटलं, उन्हाळा तोंडावर आहे, रजा कशाला वाया घालवतेस. फोन ठेवल्यावर कांचन म्हणाली, "बिटिया किसकी थी? मराठी बोल रही थी. अच्छे घर की लगती है."

मी "जी, अच्छे घर की है" म्हणालो.

३ जून २०२५

रात्रभर वीज नव्हती. सकाळी तिला न्हाऊ घालायला नेलं. न्हाणीच्या दारात तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. "बाबूजी, आप बाहर जाइए. शारदा को भेजिए."

मी म्हटलं, "शारदा अभी नहीं आई, मैडम जी. पानी ठंडा हो जाएगा."

"मेरे पति आते होंगे. उन्हें अच्छा नहीं लगेगा."

बोट बोट सोडवून आत घेतलं. हळूच सोडवलं, दुखेल असं नाही. ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी पाठीवर पाणी घातलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. साबण गेला असावा. साबण डोळ्यांत जाणार नाही असा आणला पाहिजे, लहान मुलांचा मिळतो तसला.

न्हाणीच्या दारात 'बाहर जाइए' म्हणणं हे पुरं बोलणं आहे की नाही, हा प्रश्न आहे. पण त्याआधी तिला उठवताना मी "चलिए" म्हटलं होतं. म्हणजे सुरुवात माझीच.

दुपारी शारदा आली. तिने कांचनचे केस सोडून पाहिले, पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दद्दा, नहलावे को काम अब हमाओ है. कागद पे दसखत हमने सोई करे हते."

मी म्हटलं, सही तुझीही आहे, पण कागदाचं मला सांगू नकोस, अट पुरी झालेली नाही.

"हओ," ती म्हणाली. जाताना पहिल्यांदाच दार आपटून गेली. या बायका घरच्यासारख्या वागवल्या की डोक्यावर बसतात.

१३ जुलै २०२५

लिहू नये असं वाटतं. पण लिहायचं नाही म्हटलं तर ही वही ठेवलीच कशाला?

रमाकांतदादा आले होते, बऱ्याच महिन्यांनी. मला भीती होती की त्यांनाही ओळखणार नाही. पण ते दारातून "काय ग कांचे" म्हणाले मात्र, तिने मान वर केली आणि लख्ख मराठीत म्हणाली, "दादा! केव्हा आलास? पाय धुतलेस का?"

मला एकदम वाटलं, ती परत आली. मी पुढे झालो. तोंडात मराठी आली होती. पण तिने माझ्याकडे बघून "बाबूजी, ज़रा चाय के लिए कह दीजिए" म्हटलं. म्हणून आत गेलो, चहा ठेवला.

दोन्ही कप घेऊन बाहेर आलो तेव्हा ती दादांना सांगत होती. आवाज खाली न आणता. आम्ही लहानपणापासून असंच करतो, सगळेच करतो. दुकानात, गाडीत, समोर बाहेरचा माणूस असला की खुशाल मराठीत बोलायचं, त्याला कुठे कळतंय. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर कप घेऊन उभा होतो.

"हे बाबूजी माणूस म्हणून चांगले आहेत, दादा. स्वच्छ आहेत. जेवायला वेळेवर देतात. पण न्हाणीत येतात रे."

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी नको म्हणते तरी येतात. कुणाला सांगू? ह्यांना सांगायचं तर हे कुठे गेलेत कोण जाणे. तुला भेटले तर सांग, लवकर या म्हणावं. हे आले की सगळं नीट होईल. हे ठरलेलं मोडत नाहीत."

मग माझ्याकडे वळून हसून म्हणाली, "रख दीजिए, बाबूजी. आपने अपने लिए नहीं बनाई?"

मी कप ठेवले. मला मराठी कळत नाही असं तोंड करून उभा राहिलो. ते मला जमलं, ही गोष्ट मला सारखी आठवते आहे.

दादा निघाले तेव्हा त्यांच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. ते काही बोलतील म्हणून थांबलो. ते म्हणाले, "विश्वंभर, तिला लहानपणी आमच्या आईसमोरसुद्धा कपडे बदलायला लाज वाटायची." एवढंच. मग रिक्षात बसले.

१४ जुलै २०२५

शारदाला सांगितलं, उद्यापासून सकाळी सगळ्यात आधी इथे ये. तिने का म्हणून विचारलं नाही.

१८ जुलै २०२५

बिजौलीत आज पेढे वाटले गेले. समोरच्या पक्षाने हार मानली, सगळा माल उचलतायत. पियुषजींनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, चार माणसं बसलेली होती, आणि माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "जो पक्ष शर्त को स्वयं पूरा न होने दे, वह शर्त के अधूरे होने का लाभ नहीं ले सकता." म्हणाले, "ये हमारे बड़े बाबू की क़लम है. कहीं पढ़े नहीं, ख़ुद सीखे हैं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढा रुमालात बांधला. तब्येत ठीक नाही सांगून निघालो.

वाटेत ठरवलं होतं की आज तोंड उघडायचं नाही. कुठल्याही भाषेत नाही. बघू काय होतं ते. ओसरीवर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि उभा राहिलो.

ती खुर्चीवर होती. मी गप्प. तीही बघत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा. मनातल्या मनात मी म्हणत होतो, अहो म्हण, एकदा अहो म्हण, मग मी हा कागद फाडून टाकतो. किती वेळ गेला ते घड्याळात बघितलं नाही.

मग ती हळूच उठली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाबूजी, इस वक़्त घर में कोई नहीं है. आप बाहर बैठ जाइए. वे आते ही होंगे."

उंबरठ्याच्या आत. स्वतःहून. मला उद्देशून. पुरं बोलणं.

मी "जी" म्हणालो आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. शारदा संध्याकाळी आली तेव्हा तिथेच होतो. तिने आत जाऊन दिवा लावला, कांचनचे केस विंचरायला घेतले. मला बाहेरून दिसत होतं. मधला पेड ती सैल घालते.

मग मयुराला फोन केला. "कलम चार पुरं झालं."

तिने विचारलं, "आज?"

आज म्हणता आलं असतं. साक्षीदार नाही, विचारणारं कुणी नाही. पण तिच्या आईने माझ्यावर जो विश्वास ठेवलाय त्यातला एवढा तरी खरा असावा. म्हटलं, "नाही. गेल्या वर्षी, दोन ऑक्टोबरला. मानिक चौकातून आलो तेव्हा. तुझी आई उंबरठ्यावर होती, मी ते बाहेर धरलं. नंतर पुष्कळदा झालं. नंतर मी होऊ दिलं नाही."

मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं. म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

३ ऑगस्ट २०२५

मयुरा चार दिवसांपूर्वी आली. कांचन तिला मुलगी म्हणून ओळखत नाही, पण घरची म्हणून ओळखते. तिच्याशी मराठी बोलते. तेवढं आहे. रात्री दोघी आत, मी पुढच्या खोलीत. माझ्या असण्याने ती डब्यात अस्वस्थ होईल, म्हणून मी गाडीबरोबर जायचं नाही असं ठरलं. मी मागाहून, कारखान्यातून रजा घेऊन जाईन. काय म्हणून जायचं ते तिथे गेल्यावर कळेल.

तिचं सामान मी बांधलं. कराराचा कागद नीट ठेवला, औषधं वेळेप्रमाणे वेगळी केली. सांडशीही घातली. मयुरा म्हणाली, "बाबा, तिथे आहेत सांडश्या." मी म्हटलं, ही राहू दे.

निघताना उंबरठ्यावर कांचन थांबली. तिथे बसून मी तिच्या चपलांचे पट्टे लावायला वाकलो आणि हात मागे घेतला. शारदाने लावले.

फलाटावर गर्दी होती. मयुरा सामान वर चढवत होती, मी खिडकीबाहेर. कांचन आत बसली, बाहेर बघितलं, मी दिसलो. तिने बोट हलवून मला जवळ बोलावलं.

"बाबूजी, आपने बहुत सेवा की. भगवान आपको सुखी रखे. एक काम और कर दीजिएगा."

"कहिए, मैडम जी."

"मेरे पति घर लौटें तो घबराएँगे. उनसे कह दीजिएगा कि मैं मयुरा के पास गई हूँ. हमारा तय हुआ था. वे समझ जाएँगे." मग जरा पुढे झुकून, कौतुकाने, "बड़े हिसाबी आदमी हैं. पर बात के पक्के हैं."

"जी. कह दूँगा."

गाडी हलली. मयुराने हात केला. कांचनने नमस्कार केला, बाहेरच्या माणसाला करतात तसा, दोन्ही हात जोडून.

घरी आलो. शारदा झाडून, किल्ली खिडकीत ठेवून गेली होती. चपला बाहेर काढल्या. आत गेलो, तिच्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि ज्याचा निरोप होता त्याला दिला. मोठ्याने दिला, मराठीत.

"अहो, ती मयुराकडे गेली. तुमचं ठरलं होतं म्हणे."